स्टोइक विचार रोजच्या जगण्यात : वाडी, होडी आणि भाऊबंदकी

वाडीवाला

नमस्कार मंडळी. एपिक्टेटस, सेनेका आणि मार्कस ऑरेलियस या स्टोइक तत्त्वज्ञांचं लिखाण मी गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा वाचतो आहे. मोबाइलवर या विचाराच्या नावाखाली जे फिरतं ते बहुतेक ‘भावना दाबा, दगड व्हा, यशस्वी व्हा’ अशा थाटाचं असतं. मूळ लिखाणातलं चित्र फार वेगळं आहे आणि माझ्या मते आपल्या किनारपट्टीच्या माणसाला ते जवळचं वाटेल. मी श्रीवर्धन तालुक्यात नारळी-पोफळीची वाडी करतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

पार्श्वभूमी थोडक्यात. ही विचारधारा सुरू झाली इ. स. पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये. संस्थापक झेनो हा सायप्रसचा व्यापारी. त्याची कथा अशी सांगतात की जांभळ्या रंगाचा माल आणताना त्याचं जहाज अथेन्सच्या बंदराजवळ फुटलं. सगळा माल गेला. शहरात एका पुस्तकविक्याच्या दुकानात बसलेला असताना सॉक्रेटिसबद्दलचं लिखाण त्याच्या कानावर पडलं आणि तो तत्त्वज्ञानाकडे वळला तो कायमचाच. पुढे रोमन काळात तीन माणसं मोठी झाली. सेनेका हा रोमन सम्राट नीरोचा शिक्षक आणि सल्लागार, इ. स. ६५ मध्ये नीरोच्याच हुकमावरून त्याला स्वतःचा जीव घ्यावा लागला. एपिक्टेटस गुलाम म्हणून वाढलेला, पायाने अधू. सुटका झाल्यावर त्याने ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर निकोपोलिसला शाळा चालवली. आणि मार्कस ऑरेलियस हा इ. स. १६१ ते १८० रोमचा सम्राट. साथ आणि सरहद्दीवरच्या लढाया यांत त्याची कारकीर्द गेली.

आता मुद्द्यावर येतो. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, हे एपिक्टेटसचं म्हणणं सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच्या प्रवचनांत समुद्रप्रवासाचा एक उतारा आहे, त्याकडे फार कुणी बघत नाही. तो विचारतो, प्रवासाला निघताना माझ्याकडे काय आहे? तांडेल (जहाज हाकणारा प्रमुख) निवडणं, खलाशी निवडणं, दिवस आणि वेळ निवडणं. एवढं सगळं नीट केल्यावर वादळ आलं, तर माझा वाटा मी उचललेला आहे, आता काम तांडेलाचं.

माझ्या दृष्टीने सगळं सार या क्रमात आहे. आपल्या गावात ‘आपल्या हातात काय आहे?’ असं आपण उसासा टाकून म्हणतो आणि विषय तिथेच संपवतो. एपिक्टेटस तोच प्रश्न खरोखर उत्तर हवं म्हणून विचारतो, आणि उत्तर दर वेळी अपेक्षेपेक्षा लांब निघतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या डोक्यावरून गेलं. पोफळी काड्या मोडाव्या तशा मोडल्या होत्या, नारळ मुळासकट आडवे. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, त्यामुळे ते एका हंगामाचं नुकसान नव्हतं. त्या दिवसांत गावात ‘देवाच्या मनात होतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा मला त्रास व्हायला लागला. श्रद्धेचा नव्हे, त्या वाक्यानंतर जी हालचाल थांबायची तिचा. वारा कुणाच्याच हातात नव्हता. पण पडलेल्या झाडांचे फोटो काढून ठेवणं होतं. पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा वाडीत हजर राहणं होतं. मदत हेक्टरी धरली तर गुंठ्यांत वाडी असणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, ती झाडामागे हवी, हे सगळ्यांनी मिळून ठासून सांगणं होतं. नवी रोपं लावताना नुसत्या पोफळीवर न विसंबता मध्ये जायफळ, काळी मिरी, दालचिनी घेणं होतं. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राची, नारळात मसाल्याची पिकं घेतलेली लाखी बाग ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. हे सगळं हातातलं होतं. ज्यांनी ते केलं त्यांच्या वाड्या आज उभ्या आहेत.

तुम्ही हा विचार कुठे वापरता आणि कुठे तो अपुरा पडतो, ते लिहा. अपुरा पडतो ते तर नक्कीच लिहा.

खारा_वारा

वाडीवाले दादा, धागा आवडला. आमची हर्णैला बोट आहे. तांडेल निवडण्याचा उतारा वाचून मी तो घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

आमच्या धंद्यात हे रोज घडतं. १ जून ते ३१ जुलै बंदी असतेच, त्यात आपला निर्णय नसतो. खरा कस लागतो तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दोन महिने बोट शाकारून ठेवलेली असते, डिझेल भरलेलं असतं, बर्फ घेतलेला असतो, खलाशांना उचल दिलेली असते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलेला नाही, पण वाऱ्याचा रंग काही खरा नाही. बाजूच्या दोन बोटी निघतात. अशा वेळी थांबायचं की जायचं? आमचा तांडेल मालवणकडचा, म्हातारा माणूस. तो एकदा आकाशाकडे बघून एवढंच म्हणाला, “आज जावचा नाय.” बर्फाचे पैसे गेले. बाजूच्या बोटी रात्री सुखरूप परत आल्या, मासळीही बऱ्यापैकी मिळाली त्यांना. खलाशी दोन दिवस कुरकुरत होते. मला मात्र अजूनही वाटतं की तो निर्णय बरोबरच होता. दुसऱ्याला मासळी मिळाली म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

पण दोन गोष्टी अडतात. एक, भर समुद्रात इंजिन बंद पडलं आणि लाट आडवी यायला लागली की मला भीती वाटते. पोटात गोळा येतो. स्टोइक माणसाला भीती वाटत नाही म्हणतात, मग आमच्यासारख्याला हा विचार जमणार कसा?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रात्री बाहेरून येणाऱ्या बोटी एलईडी दिवे लावून मासळी गोळा करून नेतात. लहान मासासुद्धा सोडत नाहीत. आम्ही डोळ्यांनी बघतो. हे ‘माझ्या हातात नाही’ या खात्यात टाकून गप्प बसायचं का?

गुरुजी_देवरुख

खारा_वारा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका जुन्या प्रसंगातच आहे. ऑलस गेलियस हा दुसऱ्या शतकातला रोमन लेखक. तो ग्रीसकडून इटलीला जहाजाने येत होता. त्याच जहाजावर अथेन्समधला एक नामवंत स्टोइक पंडित होता. रात्रभर तुफान, जहाजात पाणी. गेलियस मुद्दाम त्या पंडिताकडे बघत राहिला की हा कसा वागतो. पंडित इतरांसारखा रडत-ओरडत नव्हता, पण चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. वादळ शमल्यावर एका श्रीमंत सहप्रवाशाने त्याला त्यावरून टोचलं. नंतर गेलियसने आदराने कारण विचारलं, तेव्हा पंडिताने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचं पाचवं पुस्तक काढून दाखवलं. आज त्या प्रवचनांची चारच पुस्तकं उरली आहेत, त्यामुळे गेलियसने लिहून ठेवलं म्हणून हा भाग आपल्याला कळतो.

त्यात म्हटलेलं असं : मोठा आवाज झाला, एकाएकी संकट दिसलं, तर ज्ञानी माणसाचंही मन हलतं, रंग उडतो. ते आपल्या इच्छेने होत नाही. फरक पुढच्या क्षणी पडतो. मनात जे उमटलं त्याला ज्ञानी माणूस ‘हो, आता सगळं संपलं’ म्हणून मान्यता देत नाही.

तेव्हा पोटात गोळा येणं हे नापास होणं नव्हे. गोळा आलेला असतानाही तुम्ही खलाशाला नांगर टाकायला सांगता की नाही, बोटीचं तोंड लाटेला धरता की नाही, तिथे परीक्षा आहे.

सेनेकाचंही एक पत्र वाचण्यासारखं आहे. नेपल्सहून पलीकडच्या किनाऱ्यावर जायला तो होडीत बसतो, मध्येच समुद्र खवळतो, आणि त्याला बोट लागते ती इतकी की काठ जवळ दिसताच तो कपड्यांनिशी पाण्यात उडी टाकतो. हे सगळं त्याने स्वतःच मित्राला लिहून कळवलं आहे. त्यावरून पुढे तो म्हणतो की शरीराचं दुखणं वाढलं की कळतंच, मनाचं दुखणं मात्र जितकं वाढतं तितकं कमी जाणवतं.

जाता जाता, हा काळ आपल्या किनाऱ्याला परका नाही. त्याच पहिल्या शतकात रोमन साम्राज्यातली जहाजं मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून येत होती, आणि त्या प्रवासाचं वर्णन करणाऱ्या ग्रीक नाविकाच्या टिपणात आपल्या चौलचं नाव आहे.

नंदिनी_क

सगळं वाचलं. मला थोडं विरोधात लिहायचं आहे.

सेनेका गडगंज श्रीमंत होता. मार्कस तर सम्राटच. यांच्यातल्या कुणीही गुलामगिरी बंद करा असं म्हटलं नाही. ज्याला सकाळी उठून नळाला पाणी येईल का याची चिंता नाही, त्याने मन शांत ठेवण्याचा उपदेश करणं सोपं असतं.

दुसरं, मी बाई म्हणून लिहिते. सोसावं, बोलू नये, घराचं नाव राखावं हे आम्हाला परकर नेसायच्या वयापासून शिकवलं जातं. मी वकिली करते, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका कित्येक वर्षं उशिरा येतात, कारण त्यांना सोसणं हाच सद्गुण आहे असं सांगितलेलं असतं. त्या शिकवणुकीला आता आणखी एका तत्त्वज्ञानाचा टेकू मिळू नये, असं मला मनापासून वाटतं.

वाडीवाला

नंदिनीताई, तुमचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.

गुलामगिरीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. सेनेकाने गुलामांना माणसासारखं वागवा, त्यांच्यासोबत जेवा असं एका पत्रात कळकळीने लिहिलं, पण ती पद्धतच चुकीची आहे इथपर्यंत तो गेला नाही. ही त्या विचाराची मोठी उणीव आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

पण सोसण्याबद्दल मला वेगळं दिसतं. स्टोइकांनी चार सद्गुण मानले : विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. यातला न्याय काढून टाकला की उरतं ते फक्त सोसणं, आणि समाजमाध्यमांवर नेमकं तेच उरलं आहे. एपिक्टेटस स्वतः कुणाची उदाहरणं देतो बघा. हेल्विडियस प्रिस्कस नावाचा रोमच्या सिनेटचा एक सभासद होता. सम्राट व्हेस्पेशियनने त्याला निरोप धाडला की सभागृहात येऊ नकोस. तो म्हणाला, मला पदावरून काढणं तुमच्या हाती आहे, पण पदावर आहे तोवर मी येणार. सम्राट म्हणाला, बरं, ये पण बोलू नकोस. मला मत विचारू नका, मी गप्प बसेन. पण मला विचारावं तर लागेल. मग मला योग्य वाटेल ते मी बोलेन. बोललास तर मारून टाकीन. मी अमर आहे असं तुम्हाला कधी म्हटलं? तुमचं काम मारण्याचं, माझं न थरथरता मरण्याचं. हेल्विडियसला पुढे खरोखर मारलं गेलं. या माणसाने सोसलं असं आपण म्हणू का? त्याने आपल्या पदाचं काम केलं.

आणि एपिक्टेटसचा गुरू मुसोनियस रूफस याने मुलींनाही मुलांसारखंच तत्त्वज्ञान शिकवलं पाहिजे असं स्पष्ट मांडलं होतं, तेही पहिल्या शतकात. तुमच्याकडे येणारी बाई नवऱ्याचा स्वभाव बदलण्यात वर्षं घालवते, तो तिच्या हातातला नाही. तुमच्या दाराशी येणं तिच्या हातातलं आहे. या विचाराने तिला ते लवकर दिसावं. उशिरा दिसत असेल तर सांगणाऱ्याने अर्धाच विचार सांगितला.

खारा_वारा, तुमच्या एलईडीच्या प्रश्नालाही माझं हेच उत्तर आहे.

चौदा_आणे

रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. मी साक्याबद्दल लिहितो, कारण माझ्या आयुष्यात या विचाराची सगळ्यात कडक परीक्षा तिथे होते.

बाहेरच्या वाचकांसाठी : हापूस बाहेरून देखणा, वास घमघमाट, आणि कापला की आत गराचा पांढरट, भुसभुशीत, आंबूस भाग. तो साका. फळ न कापता बाहेरून कळत नाही. म्हणजे झाडाला मोहोर आल्यापासून तुडतुडे, भुरी, अवकाळी पाऊस सगळ्यातून वाचवून, प्रतवारी करून, पेटी भरून मुंबईला पाठवायची, आणि तिकडे गिऱ्हाईक कापून बघतं आणि म्हणतं, फसवलंत.

सिसेरो या रोमन लेखकाने स्टोइकांची बाजू मांडताना तिरंदाजाचा दाखला दिला आहे. नेम धरणं, धनुष्य नीट ओढणं हे तिरंदाजाचं काम. बाण लक्ष्याला लागावा अशी इच्छा असतेच, पण त्याचं खरं ध्येय म्हणजे नेम धरण्यात काही कमी पडू न देणं. बाण सुटल्यावर वारा आला, लक्ष्य हललं, तर त्याने तिरंदाज खोटा ठरत नाही.

आता नेम म्हणजे काय ते बागेत उभं राहून सांगतो. फळ चौदा आणे तयार झालं की काढायचं. झाडावर जास्त पिकू दिलं तर साका वाढतो. खांदे वर आले का, देठाजवळ खळगी पडली का, रंग गडद हिरव्यावरून फिका व्हायला लागला का, हे एकेक फळ बघावं लागतं. काढायचं ते नूतन झेल्याने, देठ ठेवून, म्हणजे चीक फळावर ओघळत नाही आणि डाग पडत नाही. ऊन तापायच्या आत काढायचं आणि काढलेलं फळ तापलेल्या कातळावर क्षणभरही ठेवायचं नाही, सावलीतच न्यायचं. झाडाखाली गवताचं आच्छादन ठेवायचं म्हणजे जमिनीची धग फळाला लागत नाही. यातली बहुतेक शिफारस दापोलीच्या कृषी विद्यापीठाची आहे आणि अनुभवाला उतरलेली आहे.

हे सगळं करूनही काही फळांत साका निघतोच. गिऱ्हाइकाचा फोन आला की मी फळाचे पैसे परत करतो किंवा दुसरी फळं पाठवतो, कारण तो व्यवहारातला न्याय आहे. पण रात्री मी स्वतःला फसवणारा समजत नाही. हा फरक कळायच्या आधी मे महिना माझ्यासाठी फार वाईट जायचा.

कामगारांनाही मी आता ‘पेट्या किती झाल्या’ असं पहिल्यांदा विचारत नाही. ‘कच्चं किती उतरवलं’ ते विचारतो. त्यांच्या हातात तेच असतं.

वीस_मिनिटं

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे, चिपळूणच्या पट्ट्यात. माझा विषय राग.

आमच्याकडे पावसाळ्यात फुरशाचे दंश येतात. सर्पदंशाचा रुग्ण आला की शिरेतलं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. तेवढ्या वेळात रक्त गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय हे कळतं आणि प्रतिविष सुरू होतं. ही वीस मिनिटं आमच्यासाठी उपचारच असतात. नातेवाइकांना मात्र दिसतं की बाई नळी उभी करून घड्याळाकडे बघत बसलीय. मग आवाज चढतात, टेबलावर हात आपटले जातात, ‘माणूस मरायला लागलाय आणि तुम्ही बसलाय’ वगैरे.

सेनेकाने रागावर एक अख्खा ग्रंथ लिहिला आहे. त्यात तो म्हणतो की रागावर सगळ्यात मोठा उपाय म्हणजे उशीर. रागाला लगेच माफ कर असं सांगू नका, आधी नीट पारखून बघायला सांगा, कारण त्याचा पहिला झटकाच जोराचा असतो. मार्कस ऑरेलियस रोज सकाळी स्वतःला बजावायचा की आज मला उद्धट, कृतघ्न, भांडखोर माणसं भेटणार आहेत, आणि तरीही ती माझ्याच जातकुळीची आहेत, आम्ही एकत्र काम करण्यासाठी जन्मलो आहोत. ड्यूटीला निघताना मी हे मनात म्हणते. त्यामुळे ओरडणारा समोर आला की तो अचानक आलेला वाटत नाही.

त्याचा प्रत्यक्ष उपयोग असा : मी आता नळी लावतानाच एका नातेवाइकाला जवळ बोलावते, घड्याळ दाखवते आणि कशासाठी थांबलोय ते सांगते. त्याला वेळ मोजायचं काम देते. त्याची भीती माझ्या हातात नाही, पण त्याला अंधारात न ठेवणं आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आणि त्यानंतरच्या आठवड्यांत हीच शिस्त कामाला आली. लेप्टोच्या गोळ्या वाटत चिखलातून फिरताना काहींनी आमच्यावर सरकारचा राग काढला. घर वाहून गेलेल्या माणसाला रागावायला कुणीतरी समोर लागतं. त्याचं ते बोलणं मी माझ्याबद्दल आहे असं समजले नाही.

गडगा

सगळ्यांचं वाचून धीर आला, माझं घरगुती दुखणं मांडतो. सामायिक जमीन. सातबाऱ्यावर आजोबांच्या सगळ्या वारसांची नावं, त्यातले काही मुंबईला, एक चुलतभाऊ गावात शेजारच्याच घरात. गेल्या वर्षी त्याने चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) रातोरात सरकवला, आमच्या बावीकडे (विहिरीकडे) जाणारी पाणंद अर्धी झाली. बोलायला गेलो तर दार लावून घेतलं. एपिक्टेटस यावर काय म्हणेल?

गुरुजी_देवरुख

गडगा, तो यावर अगदी नेमकं बोलला आहे. त्याचं म्हणणं, प्रत्येक गोष्टीला धरायला दोन मुठी असतात. एका मुठीने ती उचलता येते, दुसरीने नाही. भाऊ अन्यायाने वागला तर ‘त्याने अन्याय केला’ या मुठीने ते धरू नका, तिथून ते पेलणार नाही. ‘हा माझा भाऊ आहे, आम्ही एकत्र वाढलो’ या मुठीने धरा.

याचा अर्थ पाणंद सोडून द्या असा मी लावत नाही. मोजणीचा अर्ज करा, वाटप हवं असेल तर तेही रीतसर मागा. फक्त त्याचबरोबर गणपतीत त्याच्या घरची आरती चुकवू नका. गावात लोक म्हणतात की एकतर भांडा किंवा गोड राहा. दोन्ही एकाच वेळी करता येतं हे कुणीतरी करून दाखवायला हवं.

नंदिनी_क

गुरुजींच्या म्हणण्याला कायद्याची जोड देते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ८५ नुसार सहधारकांना वाटपासाठी अर्ज करता येतो. सगळ्यांची संमती असेल तर काम तहसीलदारांकडे होतं. मालकीचाच वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालयात जावं लागतं. मुंबईच्या वारसांशी पत्रव्यवहार आत्ताच सुरू करा, गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा कागद तयार असू देत. आणि वाडीवालेदादा, हेल्विडियसचा प्रसंग मला माहीत नव्हता. न्याय वगळला की नुसतं सोसणं उरतं, हे मला पटलं. सम्राटाबद्दलची माझी तक्रार मात्र कायम आहे.

सागरगोटा

मी बराच वेळ लिहू की नको या विचारात होते. माझा भाऊ समुद्रात गेला. बोट सापडली, तो सापडला नाही. काही महिन्यांनी एका हितचिंतकाने मला एपिक्टेटसची ती ओळ पाठवली, की मुलाचा मुका घेताना मनात म्हणा, मी एका मर्त्य जिवाचा मुका घेतोय, म्हणजे तो गेला तर तुम्ही कोलमडणार नाही. मी ते पुस्तक पुन्हा उघडलं नाही. या विचारात दुःखाला जागा आहे का, एवढंच विचारायचं आहे.

गुरुजी_देवरुख

ताई, ती ओळ तुम्हाला पाठवायला नको होती. ती ज्याच्या घरी सगळं ठीक आहे त्याने स्वतःशी म्हणायची आहे, माणूस जवळ आहे तेव्हा त्याच्याकडे नीट बघता यावं म्हणून. दुःखात असलेल्या माणसाला सांगण्यासाठी ती नाहीच. त्याच हस्तपुस्तिकेत पुढे एपिक्टेटस सांगतो की कुणी शोकात रडताना दिसला तर त्याला शब्दाने साथ द्या, वेळ आली तर त्याच्याबरोबर कण्हायलाही कचरू नका. तिथे तोही आपल्या विद्यार्थ्याला ‘आतून मात्र कण्हू नकोस’ असं बजावतो, आणि तेवढ्यापुरता मी त्याच्याशी सहमत नाही.

सेनेकाने मित्राच्या मृत्यूवर दुसऱ्या मित्राला लिहिलेलं पत्र आहे. डोळे कोरडे राहू नयेत, पण त्यांना पूरही येऊ नये, असं तो म्हणतो. आणि पुढे सांगतो की माझा जिवलग सेरेनस गेला तेव्हा मी इतका रडलो की शोकाने ज्यांचा पराभव केला त्यांत माझं नाव धरावं लागेल. मार्कस ऑरेलियसने आपली कितीतरी मुलं लहानपणीच गमावली. ही माणसं दुःखाच्या बाहेर उभी राहून लिहीत नव्हती.

सापडलेला नसताना शोक करणं हे वेगळंच असतं. त्याला कुठलं पुस्तक पुरं पडेल असं मला वाटत नाही. तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार.

खारा_वारा

सागरगोटा ताई, आमच्या बंदरातही अशी घरं आहेत. नारळी पौर्णिमेला आम्ही त्यांच्या दारात आधी जातो, मग बंदरावर. एवढंच सांगतो.

वाडीवाले दादा आणि नंदिनीताई, माझ्या दुसऱ्या प्रश्नावर विचार केला. आमच्या मच्छीमार सोसायटीत काल विषय काढला. आजवर आम्ही नुसतं ‘बाहेरच्या बोटी येतात’ असं तोंडी सांगत आलो, त्याचं कुणी काही करत नाही. आता ठरवलंय की ज्याच्या बोटीवर जीपीएस आहे त्याने दिवे दिसले की जागा, तारीख, वेळ लिहायची, बोटीचा नंबर दिसला तर तोही, आणि जमेल तिथे मोबाइलवर फोटो. तांडेलांनी वही ठेवायला होकार दिलाय. महिनाभराच्या नोंदी झाल्या की मत्स्यव्यवसाय खात्याला लेखी निवेदन. खातं काय करेल ते खात्याच्या हातात. निवेदनाचा मसुदा इथे टाकला तर नंदिनीताई, कलमं तपासून द्याल का?

नंदिनी_क

हो, नक्की. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती दोन्ही लागतील, दुरुस्तीनंतर दंड बराच वाढला आहे. नोंदवहीत प्रत्येक नोंदीखाली ती लिहिणाऱ्याची सही घ्यायला आजपासूनच सांगा, नंतर गोळा केलेल्या सह्यांना तेवढं वजन राहत नाही. आणि निवेदनाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.